जखमेनंतरचे पहिले दोन दिवस: पांढऱ्या पेशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. काही अभ्यासातून, काही हातातल्या रक्ताच्या रिपोर्टमुळे, काही लवकर न भरणाऱ्या जखमेमुळे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेळ थोडा असेल तर प्रश्न ४ तेवढा वाचाच. त्यातल्या पायऱ्या लक्षात राहिल्या की पुढचे बहुतेक अपवाद आपोआप उलगडतात.

१. जखम झाली की सूज का येते? ती येऊच न देणं चांगलं नाही का?

सूज आली म्हणजे दुरुस्ती सुरू झाली. दुखावलेल्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त जास्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि प्रथिनांनी भरलेला द्रव आसपास साचतो, म्हणून ती फुगते. या द्रवाचा ताण आणि प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन यांसारखी रसायनं मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून ठणका लागतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली होती. त्या भागाचं काम मंदावणं हे पाचवं लक्षण पुढे जोडलं गेलं. या पाचांना मिळून दाह म्हणतात.

वाहिनी रुंद झाली आणि द्रव बाहेर गेला की आतलं रक्त दाट आणि संथ होतं. पांढरी पेशी भिंतीशी येऊ शकते ती अशाच संथ रक्तातून. सूज पूर्ण थोपवायची म्हटलं तर पेशींची वाटही अडते. अति झालेली सूज मात्र त्रासदायकच असते. तिचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात का? जखमेवर नेमकं कोण येतं?

मुख्य प्रकार पाच: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सगळ्या मिळून साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांतल्या ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल. जखमेवर रक्तातून सर्वांत आधी पोचतात त्या याच. काचपट्टीवर त्या १२ ते १५ मायक्रोमीटरच्या दिसतात आणि केंद्रकाचे तीन ते पाच तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेले असतात. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. रक्तात त्या काही तासच राहतात, त्यामुळे हा पुरवठा अखंड लागतो.

त्वचेत आणि इतर ऊतींत मुळातच राहणाऱ्या मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या पेशी) यांना मात्र कुठून यावं लागत नाही. पहिली हाक त्याच देतात.

३. जखम झाली हे त्यांना कळतं कसं?

पेशी फुटली की जे आतच असायला हवं ते बाहेर सांडतं: एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), केंद्रकातली काही प्रथिनं, मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे. शेजारच्या मॅक्रोफेजवर हे ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. जंतू आत शिरले असतील तर त्यांच्या भित्तिकेचे अंशही त्याच पेशी ओळखतात. मग मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही दाह पेटवणारी इशारा-प्रथिनं सोडतात. मास्ट पेशींकडे हिस्टामिन तयारच साठवलेलं असतं, ते काही सेकंदांत बाहेर पडतं.

झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लांवरचं एक निरीक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. शेपटीला चीर दिल्यावर काही मिनिटांतच जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साइडचं प्रमाण वाढताना दिसलं, आणि तेही पहिली पांढरी पेशी पोचण्याआधी. म्हणजे जखमेची कडाच पेशींना बोलावणं धाडत होती.

४. एवढ्या वेगाने वाहणाऱ्या रक्तातून पेशी बरोबर जखमेपाशीच बाहेर कशी पडते?

हे बहुतांशी केशवाहिन्यांनंतर लागणाऱ्या अगदी लहान शिरांमध्ये घडतं. टप्पे असे.

कडेला येणं: रक्त संथ झालं की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून मधला प्रवाह धरतात आणि पांढऱ्या पेशी भिंतीकडे ढकलल्या जातात.

गडगडणं: भिंतीच्या अस्तरपेशींवर सिलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. पी-सिलेक्टिन आधीच साठवलेलं असतं. हिस्टामिन किंवा (रक्त गोठवणाऱ्या) थ्रॉम्बिनचा इशारा मिळताच काही मिनिटांत ते पृष्ठभागावर दिसतं. ई-सिलेक्टिन नव्याने तयार करावं लागतं, त्याला एक-दोन तास लागतात. पेशीच्या अंगावरच्या साखरसाखळ्यांशी सिलेक्टिनची पकड सैल असते: लागते, सुटते, पुढची लागते. त्यामुळे पेशी न थांबता भिंतीवरून चेंडूसारखी लोळत जाते.

घट्ट बसणं: लोळता लोळता तिला अस्तरावर इंटरल्यूकिन-८ सारखी रसायनं लागतात. त्यांच्या स्पर्शाने पेशीवरचे मिटलेले इंटिग्रिन (चिकटवणारी प्रथिनं) क्षणात उघडतात आणि अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला पक्के बिलगतात. पेशी जागच्या जागी थांबते आणि चपटी होते.

भिंत ओलांडणं: दोन अस्तरपेशींच्या सांध्यातून ती अंग बारीक करून पलीकडे जाते. यात पीकॅम-१ हे प्रथिन मदत करतं. काही मिनिटांचं हे काम. त्यानंतरचं आधारपटल (अस्तराबाहेरचा पातळ थर) ओलांडायला जास्त वेळ लागतो.

बेडकाच्या आतड्याच्या पातळ पडद्यात पेशींचं हे बाहेर पडणं यूलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तपशिलात मांडलं. रेणूंची नावं कळायला पुढे शंभरहून अधिक वर्षं गेली.

यातली एकही पायरी गाळता येत नाही. गडगडली नाही तर थांबणार नाही, थांबली नाही तर बाहेर पडणार नाही. प्रश्न १३ आणि १५ मध्ये याचाच पुरावा आहे.

५. बाहेर पडल्यावर तिला वाट कोण दाखवतं?

रसायनांचा चढ. जखमेजवळ त्यांचं प्रमाण जास्त, लांब गेलं की कमी. पेशी पुढच्या आणि मागच्या टोकावरच्या ग्राहकांना मिळणारा इशारा ताडून पाहते आणि जिकडे तो तीव्र, तिकडे पाऊल टाकते. चाल मिनिटाला साधारण १० ते २० मायक्रोमीटर. ओढून घेणारी मुख्य रसायनं चार: पूरक प्रथिनांतलं (रक्तातल्या, प्रतिकाराला मदत करणाऱ्या प्रथिनांतलं) सी५ए, ल्यूकोट्राइन बी४, इंटरल्यूकिन-८ आणि जंतूंची फॉर्मिल पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे).

शेवटच्यात एक गंमत आहे. फॉर्मिल पेप्टाइडं आपल्याच मायटोकॉन्ड्रियातही असतात, कारण मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणू होते. म्हणून फुटलेली स्वतःची पेशी न्यूट्रोफिलला बरीचशी जंतूसारखी भासते. प्रश्न ९ याच्याशी जोडून वाचा.

६. जंतू सापडला की त्या काय करतात?

तीन गोष्टी. पहिली म्हणजे गिळणं. जंतूवर अँटिबॉडी किंवा सी३बी हे पूरक प्रथिन चिकटलेलं असेल तर पकड सोपी जाते. दुसरी, गिळलेल्या कप्प्यातली रासायनिक मारणी. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि मायलोपेरॉक्सिडेज क्लोराइडच्या साहाय्याने त्याचं हायपोक्लोरस आम्ल करतं. ब्लीचमध्ये काम करणारा घटक तोच. तिसरी गोष्ट २००४ मध्ये वर्णन केली गेली: न्यूट्रोफिल आपला डीएनए जंतुनाशक प्रथिनांसह जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि जंतू त्यात अडकतात.

गिळण्याची कल्पना इल्या मेचनिकॉफ यांची. १८८२ मध्ये मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पाहिला. १९०८ चं नोबेल त्यांना पाउल एर्लिख यांच्यासोबत मिळालं.

७. किती वेळात काय होतं? तासांत सांगाल का?

बोटात लाकडाचा बारीक काटा शिरला आहे असं धरा. पहिल्या काही मिनिटांत वाहिन्या क्षणभर आवळतात, मग रुंदावतात. कडेला गुलाबी वर्तुळ दिसतं. अर्ध्या-एक तासात जागा दाबली की दुखते, तोवर न्यूट्रोफिल शिरांच्या भिंतींवर लोळू लागलेल्या असतात. सहा तासांच्या सुमारास त्या ऊतीत ठळक संख्येने असतात आणि बोट ठुसठुसतं. ६ ते २४ तास हा त्यांचाच काळ. २४ ते ४८ तासांत मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज बनतात आणि जास्त टिकतात. काटा निघालेला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लाली आत आत सरकत जाते. राहिला असेल तर त्याभोवती पिवळसर ठिपका दिसतो, म्हणजे पू.

हे आकडे साध्या, छोट्या जखमेचे आहेत. भाजणं, मोठी शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांत वेळापत्रक लांबतं. हृदयाच्या मेलेल्या स्नायूत न्यूट्रोफिल पहिल्या ते तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात.

८. पू म्हणजे नेमकं काय, आणि तो हिरवट का असतो?

मेलेल्या आणि जिवंत न्यूट्रोफिल, जंतू, विरघळलेली ऊती आणि पाझरलेला द्रव यांचं मिश्रण म्हणजे पू. हिरवट छटा बऱ्याचदा मायलोपेरॉक्सिडेजची असते. हे विकर मुळातच हिरवं आहे आणि न्यूट्रोफिलच्या सुक्या वजनाच्या सुमारे ५ टक्के भरतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून कोणता जंतू आहे ते ठरवू नका. स्यूडोमोनास हा जिवाणू मात्र स्वतःचा निळा-हिरवा रंग सोडतो आणि त्याला वेगळा गोडसर वास येतो, हा अपवाद.

गळू घरी पिळू नये. पू सभोवारच्या भिंतीने कोंडलेला असतो. दाबला की भिंत आतल्या बाजूला फुटून जंतू खोल जाऊ शकतात. नाक आणि वरच्या ओठाजवळचं गळू तर हात न लावता डॉक्टरांना दाखवावं, कारण तिथल्या शिरांचा मार्ग मेंदूजवळच्या शिरांशी जोडलेला आहे. मोठं गळू नुसत्या गोळीने सहसा जात नाही, चिरा देऊन निचरा करावा लागतो.

९. मुका मार लागला, कातडी फाटली नाही, जंतू नाहीत. मग सूज कसली?

जंतूंशिवायचा दाह. फुटलेल्या पेशींचे इशारे (प्रश्न ३ आणि ५) पुरेसे असतात आणि न्यूट्रोफिल येतातच. मुरगळलेला घोटा, उन्हाने भाजलेली त्वचा, गाऊट हे सगळे याच जातीचे. गाऊटमध्ये यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात इतक्या न्यूट्रोफिल ओढतात की सांध्यातलं पाणी पुवासारखं गढूळ दिसतं. म्हणूनच अशा सांध्यातलं पाणी काढून तपासतात: दिसण्यावरून जंतुसंसर्ग आणि गाऊट यांची गल्लत सहज होते.

मुक्या मारावरचा डाग निळा, हिरवा, पिवळा होत जातो तेही पांढऱ्या पेशींमुळे. सांडलेल्या तांबड्या पेशी गिळून मॅक्रोफेज हिमोग्लोबिनचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन करतात.

१०. ही नेहमीची सूज की जखम चिघळली, कसं ओळखायचं?

वेळेवरून. नेहमीच्या दाहात लाली आणि दुखणं पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं. ४८ तासांनंतर वाढत जाणारी लाली, गरमपणा किंवा ठणका हा जंतुसंसर्गाचा इशारा समजावा. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली का ते पाहा. अंदाजापेक्षा ही रेघ फार खरी ठरते.

ताबडतोब दाखवायची लक्षणं अशी: ताप आणि हुडहुडी, जखमेपासून वर चढणारी लाल रेषा, कातडीवर काळसर किंवा फोडासारखे डाग, बोट किंवा सांधा हलवता न येणं आणि दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच जास्त वेदना. शेवटचं लक्षण सर्वांत धोक्याचं, कारण कातडीखाली वेगाने पसरणारा संसर्ग वरून सुरुवातीला साधाच दिसतो.

११. बर्फ आणि वेदनाशामक गोळ्या यांनी पांढऱ्या पेशींचं काम बिघडतं का?

बर्फाने वाहिन्या आवळतात आणि मज्जातंतू मंदावतात, वेदना कमी होते. फडक्यात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटं पुरे. थेट कातडीवर ठेवला तर ती गारठून जखमी होते.

आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सायक्लोऑक्सिजनेज विकर रोखतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन घटतं आणि लाली-वेदना उतरते. न्यूट्रोफिलना ओढणारं ल्यूकोट्राइन बी४ दुसऱ्या विकराच्या वाटेने बनतं, ते यांनी थांबत नाही. म्हणून साध्या मारात दोन-तीन दिवस घेतल्याने पेशींची वाट बंद होत नाही. पॅरासिटामॉल वेदना आणि ताप कमी करतं, दाहावर त्याचा परिणाम नगण्य. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.

उघड्या जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतू नये. फेस येतो म्हणजे स्वच्छ होतं असं नाही. नव्या पेशीही मरतात. पेशी स्वतः ते वापरतात (प्रश्न ६), पण बंद कप्प्यात आणि मोजकं. जखमेसाठी वाहतं स्वच्छ पाणी उत्तम.

१२. रिपोर्टमध्ये टोटल काउंट (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या) वाढला आहे. म्हणजे जंतुसंसर्गच का?

नाही. आधी न्यूट्रोफिलचा खरा आकडा काढा: टोटल काउंट १२,००० आणि न्यूट्रोफिल ८० टक्के, तर १२,००० × ०.८० = ९,६००. निव्वळ टक्केवारी फसवते. रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी जवळपास अर्ध्या भिंतींना टेकलेल्या असतात आणि नमुन्यात येत नाहीत. जोराचा व्यायाम, भीती, वेदना, फिट येणं यांमुळे अ‍ॅड्रेनलिन वाढलं की त्या सुटून प्रवाहात येतात आणि काउंट काही मिनिटांत चढतो. गरोदरपणात आणि नवजात बाळात तो मुळातच जास्त असतो.

संसर्गाकडे बोट दाखवणारी खूण वेगळी: बँड पेशी, म्हणजे केंद्रकाचे तुकडे न पडलेल्या कच्च्या न्यूट्रोफिल, वाढणं. मागणी इतकी की मज्जा अपुऱ्या वाढीच्या पेशीही सोडते. सीआरपीचा (दाहात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा) उपयोग एका आकड्यापेक्षा दिशेसाठी होतो. ते साधारण ६ तासांनी वाढू लागतं आणि ४८ तासांच्या आसपास शिखर गाठतं. शस्त्रक्रियेनंतर ते वाढणारच. उतरू लागलेलं सीआरपी पुन्हा चढलं तर शोध घ्यावा.

१३. स्टिरॉइड सुरू केल्यावर काउंट वाढला. मग प्रतिकारशक्ती वाढली ना?

उलट. स्टिरॉइडमुळे भिंतीला टेकलेल्या पेशी सुटतात, मज्जेतल्या साठ्यातून आणखी येतात आणि ऊतीत जाणं कमी होतं. रक्तात गर्दी, जखमेवर कमतरता. प्रश्न ४ मधली चिकटण्याची पायरीच ढिली पडलेली असते. काउंट ४ ते ६ तासांत वाढू शकतो, पण बँड पेशी सहसा फारशा वाढत नाहीत. अशा माणसात लाली-सूज दबलेली असते, त्यामुळे प्रश्न १० मधली चिन्हं उशिरा दिसतात. औषध मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये, ते जिवावर बेतू शकतं.

१४. काउंट फार कमी असेल तर जखम कशी दिसते?

फसवी शांत. एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली म्हणजे कमी, ५०० च्या खाली म्हणजे गंभीर. पू बनवायला पेशीच नाहीत, त्यामुळे गळू तयार होत नाही आणि फुप्फुसाच्या एक्स-रेवरही सुरुवातीला काही दिसत नाही. ताप हे अनेकदा एकमेव लक्षण. कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८ अंश ताप टिकला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हा नियम आम्ही ठळकपणे सांगतो, कारण इथे काही तासही महाग पडतात.

१५. काउंट भरपूर आहे, तरी बाळाच्या जखमेवर पू येत नाही. असं होतं का?

होतं, पण फार क्वचित. ल्यूकोसाइट अ‍ॅडिजन डेफिशियन्सीच्या पहिल्या प्रकारात इंटिग्रिनचा सीडी१८ हा भाग जन्मतः सदोष असतो. पेशी लोळतात पण थांबत नाहीत. रक्तात त्यांचा महापूर, ऊतीत दुष्काळ. नाळ सहसा एक-दोन आठवड्यांत गळते, या बाळांत ती महिना उलटूनही राहू शकते आणि बेंबीशी वारंवार संसर्ग होतो. उशिरा गळणाऱ्या प्रत्येक नाळेला हा आजार नसतो. सोबत काउंट खूप वाढलेला आणि संसर्ग असेल तर सीडी१८ ची तपासणी करतात.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये याच्या उलट चित्र दिसतं: पेशी पोचतात, गिळतात, पण प्रश्न ६ मधलं ऑक्सिडेज बिघडलेलं असल्याने काही जंतू आणि बुरशी मारू शकत नाहीत. इथे गळवं होतात आणि पुन्हा पुन्हा होतात.

१६. मधुमेहात जखम का रेंगाळते?

साखर फार वाढलेली असताना न्यूट्रोफिलची चाल, गिळणं आणि मारणं तिन्ही मंदावतात. त्यात बारीक वाहिन्यांचा पुरवठा कमी आणि पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे ठणका हा इशाराच मिळत नाही. पायांची रोज नजरेने तपासणी लागते ती यासाठी.

१७. पहिल्या नेहमी न्यूट्रोफिलच असतात का?

बहुतेकदा, सगळीकडे नाही. विषाणूंच्या संसर्गात लिम्फोसाइट लवकर पुढे असतात. अ‍ॅलर्जी आणि जंतांमध्ये इओसिनोफिल. स्यूडोमोनासच्या संसर्गात न्यूट्रोफिल एका दिवसात ओसरत नाहीत, कित्येक दिवस येत राहतात.

१८. काम झाल्यावर या पेशी जातात कुठे? आणि दाह विझतच नसेल तर?

बहुतेक न्यूट्रोफिल ऊतीतच एक-दोन दिवसांत ठरलेल्या पद्धतीने मरतात. मरताना त्या अंगावर फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदाचा रेणू बाहेरच्या बाजूला आणतात. मॅक्रोफेज तो ओळखून त्यांना गिळतात आणि गिळताच स्वतःचा सूर बदलतात: टीएनएफऐवजी दाह शमवणारी इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही प्रथिनं सोडू लागतात. लिपॉक्सिन आणि रिझॉल्व्हिन ही मेदजन्य रसायनं नव्या न्यूट्रोफिलची आवक थांबवतात. दाह आपोआप विरत नाही, तो असा मुद्दाम थांबवला जातो.

चिथावणी शिल्लक असेल तर हे थांबवणं पुरं होत नाही. न्यूट्रोफिल येत राहतात आणि त्यांची इलास्टेजसारखी विकरं नव्या ऊतीलाच खातात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनीही धुमसणाऱ्या छोट्या जखमेत आधी आत काही राहिलंय का ते शोधतात: टाक्याचा दोरा, काच, काट्याचं टोक. काच एक्स-रेवर सहसा दिसते, लाकूड बहुधा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी करायला सांगतात.